वहाळाचं काम केल्यावर मासे खरंच वाढले का, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावातल्या तरुणांच्या गटाने दीड-दोन किलोमीटर वहाळ, म्हणजे गावचा ओढा, सुधारायचं ठरवलंय. पडीक बंधारा काढायचा, गाळाने भरलेले कोंड, म्हणजे पात्रातले डोह, मोकळे करायचे, काठाला झाडं लावायची, पात्रात मोठे दगड आणि ओंडके ठेवायचे. काम येत्या उन्हाळ्यात आहे. निधी देणाऱ्या कंपनीला तीन वर्षांनी एक आकडा हवाय: मासे किती टक्के वाढले? हा आकडा काढायचा कसा, असं गटाने विचारलंय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती वेळेशी बांधलेली आहे. जेसीबी वहाळात उतरण्याआधी मोजणी सुरू झाली पाहिजे. जमत असेल तर काम एक वर्ष पुढे ढकला आणि त्या वर्षात फक्त मोजा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा, असं एक पूर्ण चक्र तरी हाताशी हवं, दोन असतील तर फारच चांगलं. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. निधी मंजूर झालेला असतो, गावात उत्साह असतो. पण आधीची मोजणी नंतर कितीही पैसे टाकले तरी करता येत नाही. अमेरिकेत 2005 साली नद्या-ओढ्यांच्या सुधारणेच्या 37,000 हून अधिक प्रकल्पांची माहिती एकत्र केली गेली. त्यातल्या जेमतेम 10 टक्के प्रकल्पांच्या नोंदीत कसलीतरी देखरेख किंवा मूल्यमापन केल्याचा उल्लेख सापडला. पैसा भरपूर असलेल्या देशातली ही गत आहे. बाकीच्या हजारो ठिकाणी नेमकं काय साधलं, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट, शेजारचा एक वहाळ निवडा, जिथे तुम्ही काहीही करणार नाही. उतार, रुंदी, काठावरचं रान, गावापासूनचं अंतर, सगळं शक्य तितकं तुमच्या वहाळासारखं हवं. तिथेही त्याच आठवड्यात, त्याच माणसांनी, त्याच जाळ्यांनी मोजायचं. याला तुलनेचा वहाळ म्हणू. त्याची गरज का, ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा तुमच्या वहाळात कामाआधी 100 मीटरमागे 40 मासे होते आणि तीन वर्षांनी 70 झाले. म्हणजे 75 टक्के वाढ. कंपनीच्या अहवालात हाच आकडा जाईल. पण त्याच काळात तुलनेच्या वहाळात 50 चे 75 झाले असतील, तर नुसत्या चांगल्या पावसानेच दीडपट वाढ झालेली आहे. तुमची वाढ 1.75 पट, तिथली 1.5 पट, एकाला दुसऱ्याने भागलं की उरतं 1.17. तुमच्या कामाच्या वाट्याला आलेली वाढ साधारण 17 टक्के. उलटंही होतं. पाऊस दगा देतो, तुमच्याकडचे मासे 40 चे 36 होतात आणि सगळे नाराज होतात. पण शेजारी 50 चे 25 झालेले असतात. तेव्हा तुमच्या कामाने मासे वाचवलेत, आणि तुलनेचा वहाळ नसता तर ते कोणाला कळलंही नसतं.

या पद्धतीने केलेला, मला स्वतःला सगळ्यात पटणारा अभ्यास ऑरेगन राज्यातल्या ब्रिज क्रीकचा आहे. जॉन डे नदीला मिळणारा हा ओढा. त्याचं पात्र कातरत कातरत इतकं खोल गेलं होतं की पुराचं पाणी काठावर पसरतच नव्हतं. तिथे बीव्हर नावाचा प्राणी फांद्या आणि चिखलाचे बांध घालतो, पण अरुंद पात्रातला पुराचा जोर ते बांध टिकू देत नव्हता. 2009 पासून संशोधकांनी पात्रात लाकडी खुंट ठोकले, त्यांत विलोच्या फांद्या विणल्या आणि बीव्हरला पक्का आधार करून दिला. असे शंभराहून जास्त बांध घातले. तुलनेसाठी मर्डरर्स क्रीक नावाचा दुसरा ओढा तसाच ठेवला. दोन्हीकडे स्टीलहेड जातीच्या, म्हणजे समुद्रात जाऊन परत येणाऱ्या रेनबो ट्राउटच्या पिलांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणचिठ्ठ्या बसवल्या. त्यांना पीट टॅग म्हणतात. त्यांत बॅटरी नसते. मासा अँटेनाजवळून गेला की त्याचा क्रमांक नोंदला जातो. 2016 साली निकाल छापून आले. तुलनेच्या ओढ्याच्या मानाने पिलांची घनता वाढली होती, जगून राहण्याचं प्रमाण 52 टक्क्यांनी आणि एकूण उत्पादन 175 टक्क्यांनी वाढलं होतं. बांधांमुळे माशांची ये-जा अडली नव्हती. या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, कारण कामाआधीची मोजणी होती, तुलनेचा ओढा होता, आणि फक्त डोकी न मोजता मासा जगला का, वाढला का, हेही बघितलं होतं.

हे शेवटचं फार मोलाचं आहे. कोलोरॅडोत सहा ओढ्यांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक ओढ्यात 250 मीटरच्या तुकड्यात ओंडक्यांचे बुटके अडसर घातले आणि शेजारचा तेवढाच तुकडा तसाच ठेवला. डोह वाढले, मोठे ट्राउट वाढले. सगळं छान दिसत होतं. पण खुणा केलेल्या माशांचा माग काढल्यावर कळलं की सुधारलेल्या तुकड्यात मासे जास्त जगत नव्हते, जास्त वेगाने वाढतही नव्हते. ते बाहेरून येऊन तिथे वस्तीला राहिले होते. हा निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाला आणि माशांच्या अधिवासावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असं मला वाटतं. तुमच्या मोकळ्या केलेल्या कोंडात उद्या खूप मासे दिसले, तर ते तिथे वाढले की वरच्या-खालच्या कोंडांतून आले, हे विचारायलाच हवं. आले असतील तरी ते वाईट नाही. चांगली जागा मिळाली म्हणूनच आले. पण मग “वहाळात मासे वाढले” असं म्हणता येत नाही. म्हणून तुलनेचा तुकडा केवळ त्याच वहाळात, कामाच्या लगत घेऊ नका. तिथले मासे तुमच्याकडे सरकले, तर तुमची वाढ आणि तिथली घट मिळून फरक दुप्पट फुगलेला दिसेल.

आता आपल्याकडचे खास घोटाळे. परदेशी पुस्तकांत ते सापडत नाहीत आणि कोकणात आकडा बिघडवणारी मुख्य कारणं तीच आहेत.

पहिलं म्हणजे चढणीचे मासे. मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला वहाळांत आणि भातखाचरांत चढतात, आणि गाव ते पकडायला लोटतं. वहाळ सुधारायचं ठरलं की बहुतेक गावांत एक स्तुत्य निर्णय होतो: यंदा चढणीचे मासे पकडायचे नाहीत. अंडी भरलेल्या माद्या वाचतात आणि मासे झपाट्याने वाढतात. पण ही वाढ बंदीची, दगड-ओंडक्यांची नव्हे. बंदी जरूर करा. माझ्या मते कमी खर्चात सगळ्यात जास्त फळ देणारा हाच उपाय आहे. फक्त दोनपैकी एक करा: तुलनेच्या वहाळाच्या गावालाही बंदीत सामील करून घ्या, किंवा अहवालात स्पष्ट लिहा की ही वाढ बंदी आणि पात्रसुधारणा या दोन्हींची मिळून आहे. निर्धास्त जागा मिळाली की मासे किती टिकतात, हे महाडजवळच्या वाळणकोंडीत दिसतं. तिथे श्रद्धेपोटी कोणी मासे मारत नाही आणि डोहात मोठमोठे महाशीर फिरताना दिसतात.

दुसरं, मत्स्यबीज. उत्साहाच्या भरात कोणीतरी रोहू, कटला किंवा महाशीरची बोटुकली आणून सोडतं, फोटो निघतात, आणि त्या दिवशी तुमच्या मोजणीचा अर्थ संपतो. महाशीरच्या बाबतीत धोका मोजणीपुरता नाही. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून आपल्या दख्खनी महाशीरची पैदास होते, ते काम मोठंच आहे. पण हाच मासा कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या, कुबड असलेल्या महाशीरवर संकट ओढवलं. कोणत्या खोऱ्यातला मासा कुठे जातोय हे ठाऊक नसेल तर बीज सोडू नका. डास मारण्यासाठी गप्पीही सोडू नका.

तिसरं, कोणता मासा वाढला? गाळ काढण्याच्या नावाखाली पात्र सरसकट खरवडलं, गोटे आणि मुळं उचलून नेली, की मागे सपाट, खोल, साचलेलं पाणी उरतं. त्यात तिलापिया मजेत वाढतो. एकूण संख्या आणि वजन दोन्ही वाढतात आणि अहवाल सुंदर दिसतो. पण मळ्या नाहीसा झालेला असतो. मळ्या वाहत्या पाण्यातल्या दगडांना तोंडाखालच्या चकतीने चिकटतो आणि त्यांच्यावरचं शेवाळ खरवडून खातो. गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या की त्याला जागाच राहत नाही. तेव्हा “एकूण मासे” हा आकडा कधीच एकटा देऊ नका. प्रत्येक जात वेगळी मोजा. मळ्या आणि गोट्यांखाली राहणारे लोच हे वाहत्या, स्वच्छ तळाचे निदर्शक. शिंगटी आणि मरळ संथ पाण्यातही तग धरतात, त्यांच्या वाढीवरून फारसं कळत नाही. बंधारा काढल्याचा परिणाम बघायचा असेल तर अहीर शोधा. तो वाढतो गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पिलं खालून वर चढत येतात. बंधाऱ्याच्या वर पूर्वी न दिसणारे लहान अहीर दिसू लागले, तर वाट मोकळी झाल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. वहाळाचे साधारण 50 मीटरचे तुकडे पाडा, त्यांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून सहा निवडा. तुलनेच्या वहाळातही सहा. चिठ्ठ्या टाकण्यावर मी अडून बसतो, कारण आपण आपोआप चांगले कोंड निवडतो आणि मग दरवर्षी तेच बघत राहतो. निवडलेले तुकडे दरवर्षी तेच ठेवायचे. काठच्या मोठ्या दगडावर रंगाची खूण करा आणि जीपीएसवर नोंद ठेवा.

तुकड्याच्या दोन्ही टोकांना बारीक आसाची जाळी तळापर्यंत दगडांनी दाबून लावा, म्हणजे मासे बाहेर जाणार नाहीत. मग जाळं ओढत खालून वर एक फेरी मारा. मिळालेले मासे सावलीतल्या टबात ठेवा, पाणी वरचेवर बदला. अर्धा तास थांबून तशीच दुसरी फेरी, मग तिसरी. माणसं, जाळी, वेळ सगळं तेच. पहिल्या दोन फेऱ्यांवरूनही ढोबळ अंदाज येतो: पहिल्या फेरीच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला दोन फेऱ्यांच्या फरकाने भागायचं. पहिल्या फेरीत 60, दुसरीत 20 मिळाले तर 3600 भागिले 40, म्हणजे तुकड्यात सुमारे 90 मासे. दुसऱ्या फेरीत पहिलीइतकेच मासे मिळू लागले तर हे गणित मोडतं. याचा अर्थ तुमची पद्धत त्या जागी चालत नाही.

खोल कोंडात जाळं ओढता येत नाही. तिथे पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, मासे पकडा, शेपटीच्या पराचं अगदी छोटं टोक कापून खूण करा आणि सोडून द्या. दोन दिवसांनी पुन्हा पकडा. समजा पहिल्यांदा 80 खुणा केल्या, नंतर 90 पकडले आणि त्यात 30 खुणेचे निघाले. तर 81 गुणिले 91, भागिले 31, वजा 1: साधारण 237 मासे. बोटाएवढ्याहून लहान माशांना खूण करू नका. पावसाळ्यानंतर पाणी नितळ झालं की चष्मा लावून पाण्याखाली मोजणंही चांगलं, फक्त मोजणारा दरवर्षी तोच असावा.

एवढा खटाटोप का, नुसतं “दहा वेळा पाग टाकला आणि इतके मिळाले” का चालत नाही? कारण तुमचं कामच मासे पकडणं अवघड करणार आहे. आज पात्र उघडं आहे, पाग नीट पडतो. उद्या तिथे ओंडके आणि मुळं असतील, पाग अडकेल, मासे खाली दडतील. मासे दुप्पट होऊनही पागात निम्मे येतील. फेऱ्यांची किंवा खुणांची पद्धत हा फरक धरते, कारण दर वेळी आपण किती टक्के मासे पकडतोय हेच ती आधी काढते.

विजेचा झटका देऊन मासे मोजण्याची पद्धत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. ते खास यंत्र असतं, प्रशिक्षित माणसं रबरी पोशाखात चालवतात, मासा क्षणभर बधिर होतो. आपल्याकडे बॅटरी-इन्व्हर्टर लावून जे चालतं त्यात मासे मरतात आणि माणसंही. गटाने या वाटेला अजिबात जाऊ नये. कोकणातल्या वहाळांच्या पाण्यात क्षार कमी असल्याने जाणकारांनाही ती पद्धत इथे जड जाते. वहाळाचा काही भाग वनहद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि मत्स्यव्यवसाय विभागालाही लेखी कळवा.

मोजायचं केव्हा? मुख्य मोजणी नोव्हेंबरात, प्रवाह उतरल्यावर. दुसरी मेच्या मध्यावर. मेच्या मोजणीत एक सापळा आहे. वहाळ आटत गेला की मासे उरलेल्या कोंडांत गोळा होतात आणि चौरस मीटरमागे संख्या प्रचंड दिसते. ती भरभराट नसते. कोंडलेले मासे असतात आणि त्यांतले बरेच मरायला टेकलेले असतात. म्हणून घनता चौरस मीटरवर न मांडता वहाळाच्या लांबीवर मांडा. सुधारणेने पाणी पसरलं तर चौरस मीटरमागचे मासे कमी होऊनही एकूण मासे वाढलेले असू शकतात, तिथेही हीच खबरदारी उपयोगी पडते.

माझ्या दृष्टीने आपल्या वहाळांसाठी सगळ्यात बोलका आकडा हा: नोव्हेंबरात खुणा केलेल्या माशांपैकी मेमध्ये किती उरले? पावसाळ्यात पाणी भरपूर असतं. मासा मरतो तो फेब्रुवारी ते जून या काळात, कोंड आटल्याने, पाणी तापल्याने, पहाटे ऑक्सिजन संपल्याने. तुमच्या सगळ्या कामाचा उद्देश त्याला हे चार महिने पार करून देणं हाच आहे. दोन्ही वहाळांतलं उन्हाळा तगून राहण्याचं प्रमाण शेजारी शेजारी ठेवा. संख्येपेक्षा ते लवकर बदलेल आणि नेमकं काय साधलं ते सांगेल. दोन वेळच्या मोजणीत अंतर मोठं असल्याने लहान कापलेला पर पुन्हा वाढलेला असू शकतो, म्हणून या कामासाठी नोव्हेंबरात रंगीत इलॅस्टोमरची, कातडीखाली टोचायची खूण वापरावी. ती कशी टोचायची हे एखाद्या मत्स्य महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडून शिकून घ्या. अशा कामाला ते विद्यार्थीही देतात.

माशांबरोबर पाण्याच्या थोड्याच नोंदी ठेवा: प्रत्येक तुकड्यात रुंदी आणि खोली, मेअखेर किती कोंडांत पाणी आहे, दर तासाला तापमान नोंदवणारं छोटं यंत्र दोन्ही वहाळांत एकेक, पहाटेचा ऑक्सिजन, आणि तळातले 100 गोटे न बघता उचलून त्यांची मापं. ही गोट्यांची पद्धत वोलमन यांनी 1954 साली मांडली, तिला एक पट्टी पुरते. गाळ खरंच कमी झाला का ते तिथे कळतं.

राहिला कंपनीचा तीन वर्षांचा आग्रह. विस्कॉन्सिनमधल्या लॉरेन्स क्रीकवर 1960 च्या दशकात ट्राउटसाठी पात्र सुधारलं, तेव्हा संख्येचा कळस काम संपल्यावर पाच वर्षांनी आला होता. तुमच्या काठावरची जांभळं आणि करंज सावली द्यायला त्याहून जास्त वेळ घेतील. आणि वहाळातले मासे पावसागणिक इतके वर-खाली होतात की 10-15 टक्क्यांचा खरा फरक कोणत्याही मोजणीत स्पष्ट पकडता येत नाही. वायव्य अमेरिकेतल्या पाणलोटांवर 2010 साली एक हिशेब मांडला गेला. देखरेखीत जेमतेम पकडता येईल अशी 25 टक्के वाढ सॅल्मन माशांच्या पिलांत दिसायला पाणलोटातला सुमारे 20 टक्के अधिवास सुधारावा लागेल, असं त्यातून निघालं. तुमचा दीड किलोमीटर हा तुमच्या वहाळाच्या एकूण लांबीचा किती हिस्सा आहे, हे आधी नकाशावर मोजा. तो फार लहान असेल तर नदीतले मासे वाढवण्याचं वचन देऊ नका.

कंपनीशी बोलताना वचन असं द्या: पहिल्या वर्षी कामाआधीची स्थिती, दोन्ही वहाळांची. तिसऱ्या वर्षी उन्हाळा तगून राहणाऱ्या माशांचं प्रमाण, मेमध्ये उरणारे कोंड आणि बंधाऱ्याच्या वर नव्याने दिसलेल्या जाती. संख्येतल्या वाढीचा आकडा सहाव्या वर्षी, आणि तोही तुलनेच्या वहाळाने भागून. या सहा वर्षांसाठी निधीतला साधारण दहावा हिस्सा आत्ताच बाजूला काढून ठेवायला सांगा. एकदा झाडं लावून उद्घाटन झालं की मोजणीला पैसे मिळत नाहीत.

नोंदी एका जाड वहीत पेन्सिलीने लिहा आणि त्याच संध्याकाळी पानांचे फोटो गटातल्या तिघांकडे पाठवून ठेवा. प्रत्येक पानावर तारीख, तुकड्याचा क्रमांक, मोजणाऱ्यांची नावं, जाळ्याचा आस आणि आदल्या आठवड्यातला पाऊस हवा. मासा ओळखता आला नाही तर पट्टीवर ठेवून बाजूने फोटो काढा, “अनोळखी 1” असं नाव द्या आणि पुढे चला. ओळख नंतर पटवता येते. येत्या नोव्हेंबरची पहिली मोजणी कोणत्या आठवड्यात करताय ते कळवा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तुकड्यांचा नकाशा त्याआधी पाठवलात, तर जाळी कुठे लागतील आणि खुणा कुठे कराव्या लागतील ते मी त्यावर आखून देईन.